दत्तू भोकनळ: वळणाने गेलेली वाट

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चौघींनी लॉन बोल्समध्ये सुवर्णपदक मिळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवलं. त्या दिवशी आपल्यापैकी बहुतेकांनी या खेळाचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. यातला चेंडू पूर्ण गोल नसतो. एका बाजूला त्याचा कल असतो, त्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो. आणि खेळणाऱ्याही तशाच वळणाने आलेल्या! लव्हली चौबे आधी धावपटू, नयनमोनी सैकिया वेटलिफ्टर. दुखापतींमुळे दोघींचा पहिला खेळ सुटला.

आज मला बोलायचंय ते अशाच वळणाने गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या एका खेळाडूविषयी: रोइंगपटू दत्तू बबन भोकनळ.

दत्तूंचा जन्म १९९१ चा, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. चांदवड म्हटलं की अहिल्याबाईंचा रंगमहाल आठवतो, आणि दुष्काळही आठवतो. वडील विहिरी खोदायचे. बघा, ज्या घराचं पोट जमिनीतलं पाणी शोधण्यावर चालायचं, त्या घरातला मुलगा पुढे पाण्यावर नाव चालवून जगभर गेला. २०११ मध्ये वडील वारले आणि घराचा भार थोरल्या दत्तूंवर आला. २०१२ मध्ये ते सैन्यात भरती झाले. आता, ही भरती काही ऑलिंपिकसाठी नव्हती. पगारासाठी होती. वल्हं त्यांच्या हाती आलं ते सैन्यात.

पुढचा वेग मात्र थक्क करणारा आहे. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथल्या पात्रता स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं आणि रिओचं तिकीट काढलं. त्या वेळी अपघातात डोक्याला मार लागून आई गंभीर आजारी होती. रिओला रोइंगमध्ये भारताचे ते एकटेच. शर्यत २००० मीटरची. उपांत्यपूर्व फेरीत ते चौथे आले. पुढे जाणार होते पहिले तिघे. मग 'क' गटाची अंतिम शर्यत त्यांनी ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकली. एकूण क्रमांक तेरावा. आपण वाचतो 'तेरावा' आणि पान उलटतो. पण तो तेरावा म्हणजे हातातली शेवटची शर्यत जिंकलेला माणूस!

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला एकेरीच्या अंतिम फेरीत त्यांना अपयश आलं. लगेच दुसऱ्या दिवशी, आजारी असतानाही, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या शर्यतीत सुवर्ण. पण त्याच एकेरीची शर्यत मध्येच सोडल्याचा ठपका ठेवून २०१९ मध्ये महासंघाने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. बोट कलंडली, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

आता प्रश्न असा, की या आयुष्याकडे बघायचं कसं? आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, नशीब. दुसरं म्हणतं, जिद्द. मला दोन्ही अपुरी वाटतात. नशीब म्हटलं की माणसाचे कष्ट पुसले जातात. नुसती जिद्द म्हटलं की आपण सगळे जबाबदारीतून सुटतो. जिद्द तर तळेगावात इतरांकडेही असेल! दत्तूंना त्याबरोबर नियमित पगार, नाव, पाणी आणि शिकवणारा माणूस मिळाला. हे सगळं एका संस्थेने दिलं. लव्हली चौबेही झारखंड पोलिसांत नोकरीला. प्रसिद्धी नसलेले खेळ अशा नोकऱ्यांच्या आधारावर उभे असतात. म्हणून 'लहानपणापासूनचं स्वप्न' ही गोष्ट मुलांना जरा जपून सांगावी. कित्येकांना स्वप्न पाहण्याआधी घर चालवावं लागतं, आणि स्वप्न नंतर सापडतं.

रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा बसतो. तो पुढे जातो, पण त्याला दिसतं मागे टाकलेलं पाणी. इतिहासाचा विद्यार्थीही असाच बसलेला असतो. मागे पाहिल्यावर वाट आखलेली वाटते. वल्हं मारताना ती तशी नसते. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या उंचापुऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या पोराकडे पाहताना एवढं लक्षात राहिलं, तरी पुष्कळ झालं.