वस्तऱ्याचा निसणा

वस्तऱ्याच्या उघड्या पात्याला धार लावण्यासाठी वापरण्यात येणारा सूक्ष्मकणी दगड. निसण्यावर पाते घासून धार काढण्याच्या क्रियेस पाजविणे आणि नंतर चामड्यावर किंवा तळहातावर पाते फिरवून ती धार साफ करण्याच्या क्रियेस परजणे म्हणतात. आजचे हौशी लोक एका वस्तऱ्यासाठी चढत्या सूक्ष्मतेचे चार-पाच, कधी त्याहूनही अधिक, कृत्रिम दगड बाळगतात. ही प्रथा अगदी अलीकडची आहे. पूर्वीचा व्यावसायिक न्हावी सामान्यतः एका, फार तर दोन दगडांवर आपले काम भागवीत असे. हे त्याला कसे साधत असे, हे पाहिल्याशिवाय निसण्याचा इतिहास नीट कळत नाही.

धार लावलेला वस्तरा प्राचीन वाङ्मयात लवकर आढळतो. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील एका ऋचेत वस्तरा तीक्ष्ण करण्याची उपमा आलेली असून कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या मार्गास पाजविलेल्या वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिलेली आहे. मात्र दगडाचे वर्णन या ग्रंथांत नाही. ते रोमन लेखक थोरला प्लिनी (२३–७९) याच्या ग्रंथात मिळते. तेलावर चालणारे आणि पाण्यावर चालणारे निसणे असा भेद सांगून तो आणखी एका मऊ व ठिसूळ प्रकाराचा उल्लेख करतो. न्हाव्यांच्या दुकानांतील हे दगड थुंकीने ओले करून वापरीत व त्यांपैकी स्पेनमधील लॅमिनियम येथील दगड उत्तम समजले जात. सुतार-लोहारांच्या दगडांहून न्हाव्याचा दगड वेगळा मानण्याची प्रथा यावरून बरीच जुनी ठरते.

दगड कमी लागण्याचे पहिले कारण वस्तऱ्याच्या घडणीतच आहे. पाजविताना पात्याची पाठ व धार ही दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली असतात. त्यामुळे धारेचा कोन हाताने सांभाळावा लागत नाही, तो पाठीच्या जाडीवरून ठरतो. पाते १६ मिमी. रुंद व पाठ सु. ४·५ मिमी. जाड असेल, तर हा कोन सु. १६ अंश भरतो. कारखान्यात किंवा सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराकडे हा कोन एकदा नीट पाडला गेला, की खरबरीत दगडाचे काम संपते. न्हाव्याला त्यापुढे केवळ बोथटलेली कड पुन्हा ताजी करावयाची असते व त्यास एक सूक्ष्म दगड पुरतो. पाते खाली पडून त्यात खाच पडली, तर मात्र हा दगड निरुपयोगी ठरतो. अशा वेळी वस्तरा कारागिराकडेच पाठवावा लागे.

दुसरे कारण दगडाच्या गुणात आहे. याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे बेल्जियममधील आर्देन प्रदेशातील ‘कोटिक्यूल’ हा पिवळसर दगड होय. व्हीलसाल्म व साल्मशातो यांच्या परिसरात, ऑर्डोव्हिसियन काळातील खडकांत, काही मिमी. ते काही सेंमी. जाडीच्या थरांत तो सापडतो. सूक्ष्म अभ्रकाच्या आधारद्रव्यात स्पेसार्टाइन या मँगॅनीजयुक्त गार्नेटाचे सु. ५ ते २० मायक्रॉन व्यासाचे असंख्य कण दाटीने बसलेले असतात. कणांचा हा आकार पाहता दगड फारसा सूक्ष्म म्हणता येणार नाही. परंतु हे कण अनेक पृष्ठांचे व जवळजवळ गोल असल्यामुळे पोलादात खोल रुतत नाहीत, उथळ ओरखडे पाडतात. सहाणेवर गंध उगाळावे त्याप्रमाणे या दगडावर त्याचाच छोटा तुकडा पाण्यात घासला, की दुधाळ लेप तयार होतो. दाट लेपात सुटे कण पोलाद भराभर कापतात. थेंबथेंब पाणी घालून लेप पातळ करीत नेला, की कापण्याचा वेग मंदावतो आणि शेवटी स्वच्छ पाण्यावर केवळ कड गुळगुळीत होते. तीन-चार दगडांचे काम असे एकाच दगडावर, केवळ पाण्याच्या प्रमाणात फरक करून होते. यास वेळ अधिक लागतो व लेप कधी पातळ करावयाचा हे पात्याच्या स्पर्शावरून ओळखावे लागते. पिवळे थर पातळ व ठिसूळ असल्याने हा दगड बहुधा पाटीच्या दगडावर चिकटवून विकीत. काही तुकड्यांत मात्र खालचा जांभळट-निळा खडक निसर्गतःच जोडलेला असतो व जाणकार त्यास अधिक मोल देत.

जर्मनीतील थुरिंजियाचा दगड आणि इंग्लंडमधील लेस्टरशरचा चार्नवुड वनातील दगड हेही वस्तऱ्यासाठी नावाजलेले होते. जपानमध्ये क्योटोजवळील खाणींतील दगडांवर ‘नागुरा’ नावाचा वेगळा तुकडा घासून लेप काढीत, तत्त्व तेच. अमेरिकेतील आर्कॅन्सॉ राज्यात मिळणाऱ्या अतिसूक्ष्म गारेच्या खडकास ‘नोव्हॅक्युलाइट’ म्हणतात. हे नाव वस्तरा या अर्थाच्या ‘नोव्हाक्युला’ या लॅटिन शब्दावरून पडले.

पॅरिसमधील कारागीर झां-झाक पेरे याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या लांबलचक शीर्षकातच पाजविण्याचे दगड ओळखण्याची रीत आणि चामडे तयार करण्याची कृती या विषयांचा निर्देश आहे. दगडाच्या जोडीला चामडे, हे योग्यच होय. कारण रोज चामड्यावर परजलेल्या वस्तऱ्यास दगड क्वचितच दाखवावा लागतो. चामड्याला लोहाच्या तांबड्या किंवा क्रोमियमाच्या हिरव्या ऑक्साइडाची पूड चोळली, तर हे अंतर आणखी वाढते. पोलाद सुधारले त्याचाही लाभ झाला. शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद काढले व त्यामुळे बारीक धार टिकू लागली. भारतीय वुट्झ पोलादाकडेही याच कारणाने लक्ष गेले. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठविलेल्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला.

महाराष्ट्रात बारा बलुत्यांपैकी एक असलेल्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी व आरसा यांच्याबरोबर निसणा आणि चामड्याची पट्टी असे. गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला धोकटीत दगडांचा साठा बाळगणे परवडण्याजोगे नव्हते. हजामतीच्या ऐन वेळी तो पाते तळहातावर परजीत असे. पाहुण्यांना या सफाईचे कौतुक वाटे. वस्तुतः जाड, कोरडा तळहात हे एक चामडेच होय.

एडवर्ड अ‍ॅचिसनने १८९१ मध्ये कार्बोरंडम हे कृत्रिम अपघर्षक शोधून काढले आणि ठराविक कणांचे स्वस्त दगड मिळू लागले. अमेरिकेतील न्हावीही अशा एका लहान दगडावर साबणाचा फेस लावून काम उरकीत. पण जिलेटचे बदलत्या पात्याचे यंत्र १९०३ मध्ये बाजारात आले व पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैनिकांच्या हाती पोहोचले. त्यानंतर घरगुती वस्तरा मागे पडत गेला. आर्देनच्या खाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने न्हाव्यांनीही पुढे दर गिऱ्हाइकास नवे पाते घालण्याचा वस्तरा स्वीकारला. ही सुधारणा आवश्यकच होती. तिच्याबरोबर धोकटीतून निसणाही गेला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी वापरातून वस्तऱ्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा शिकविणारा न्हावी उरला नव्हता. हाताच्या अनुभवाची उणीव दगडांच्या संख्येने भरून काढण्यात आली. एक हजारापासून बारा हजारांपर्यंत क्रमांकांच्या जपानी कृत्रिम दगडांची ही मालिका नवशिक्यास खात्रीची व वेगवान असते, हे नाकारता येत नाही. परंतु प्रत्येक दगडाचे ओरखडे पुढच्या दगडावर पूर्ण नाहीसे करावे लागतात आणि प्रत्येक दगड सपाट ठेवण्याचे कामही वाढते. आर्देनमधील कोटिक्यूलचे उत्पादन याच सुमारास लहान प्रमाणावर पुन्हा सुरू झाले असून साल्मशातो येथे या दगडाचे संग्रहालय आहे.