मका, चुना आणि टॅको पिझ्झा

पनवेलच्या एखाद्या स्वयंपाकघरात आज टॅको पिझ्झाची तयारी चालली असेल, तर ओट्यावर मक्याचे पीठ, टोमॅटो, लाल मिरची, ढोबळी मिरची आणि भिजवलेला राजमा मांडलेला दिसेल. या पाचही जिनसा मूळच्या मेक्सिकोच्या आणि त्याच्या शेजारच्या मुलखातल्या. गहू, दूध आणि जिरे तेवढे आपल्या बाजूच्या जगातले. म्हणून या पदार्थाचा मागोवा घ्यायचा तर आपल्याला इटलीच्याही पलीकडे, दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात जावे लागते. तिथे सुमारे 9000 वर्षांपूर्वी एका रानगवतापासून मका घडवला गेला. पुढे त्या मुलखात एक विलक्षण शोध लागला: मक्याचे दाणे चुन्याच्या निवळीत शिजवायचे, रात्रभर मुरवायचे, सुटलेली साले चोळून धुवायची आणि मग दगडी पाट्यावर वाटायचे. अशा पिठाची पोळी तडकत नाही, हवी तशी दुमडते. शिवाय मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळे मोकळे होते. टॅको म्हणजे हीच दुमडलेली पोळी आणि तिच्या पोटातले सारण.

1492 नंतर मका जहाजावर चढला, चुन्याची ही कृती मात्र किनाऱ्यावरच राहिली. त्याची किंमत युरोपातल्या गरिबांनी मोजली. 1735 मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने कातडी सोलून काढणाऱ्या एका नव्या रोगाची नोंद केली आणि 1771 मध्ये मिलानच्या फ्रापोलीने त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव दिले. नुसत्या मक्यावर जगणारे उत्तर इटलीतले शेतकरी त्याने पिढ्यान्‌पिढ्या खंगत गेले. याचे कारण नायसिनचा अभाव, हे विसाव्या शतकात उलगडले. त्याच इटलीच्या दक्षिण टोकाला टोमॅटोचे नशीब अधिक चांगले निघाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये छापलेल्या अंतोनियो लातीनीच्या पाकग्रंथात टोमॅटोची चटणी आढळते, आणि तिथल्याच गल्ल्यांत खमिराच्या भाकरीवर टोमॅटो पडून आजचा पिझ्झा उभा राहिला. 1889 मध्ये राणी मार्गेरीतासाठी राफाएले एस्पोसीतोने तिरंगी पिझ्झा केला ही कथा सगळे सांगतात. अभ्यासक तिच्याबद्दल साशंक आहेत, आणि मलाही ती जरा जास्तच गोळीबंद वाटते.

आता आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू. 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला, 1534 मध्ये वसई. 1540 च्या सुमारास वसईचे पोर्तुगीज सैन्य निजामशहाच्या मदतीला थेट कर्नाळ्यापर्यंत आले होते. पनवेलहून ज्याचा सुळका दिसतो, तोच हा किल्ला. मिरची आणि मका नेमके कोणत्या गलबतातून कोकणात उतरले हे कोणी लिहून ठेवले नाही, पण खाडीकाठची पोर्तुगीजांची वर्दळ तेव्हापासूनची. आपल्या मक्याचा इतिहास चिकाटीने खणला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी. 1500 ते 1900 या चार शतकांतल्या भारतीय मक्यावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. अशा माणसांची आठवण आपण फार कमी ठेवतो. गोव्यात पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडीने पीठ फुगवून पाव भाजला, म्हणजे खमिराची विद्याही इथे पिझ्झाच्या कितीतरी आधी रुजली होती.

टॅको आणि पिझ्झा यांची गाठ मात्र तिसरीकडेच पडली. अमेरिकेतल्या आयोवा या मक्याच्या राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, जो व्हिटी यांच्या ‘हॅपी जोज’ या दुकानाने 1974 मध्ये टॅको पिझ्झा विकायला काढला: पोळीवर वाटलेला राजमा, वर मसालेदार खिमा, चीज, कोशिंबिरीची पाने आणि मक्याच्या कुरकुरीत चकत्या. भारतात 1996 मध्ये डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरात उघडले. टॅको बेल 2010 मध्ये बंगळुरातच आले. 1852 मध्ये नगरपालिका झालेले पनवेल 2016 मध्ये महानगरपालिका झाले, तोवर टॅको आणि पिझ्झा ही दोन्ही नावे इथल्या मुलांच्या तोंडी बसली होती.

घरी अगदी मुळापासून करायचे, तर मी चुन्यापासूनच सुरुवात करायला सांगेन. एक किलो कोरड्या मक्याला साधारण 10 ग्रॅम खायचा चुना घ्यावा. दाणे पाऊण तास मंद शिजवून रात्रभर तसेच ठेवावेत, सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावेत आणि अगदी कमी पाण्यात वाटावेत. गोळा मुठीत दाबून पाहावा. कड फुटली नाही म्हणजे जमले. एवढा वेळ नसेल तर कोकणातली तांदळाच्या भाकरीची रीत उपयोगी पडते. आधणात मीठ घालून त्यात मक्याचे कोरडे पीठ टाकावे, झाकण ठेवून वाफ आणावी आणि उकड गरम असतानाच तळव्याने रगडावी. चुन्याची चव आणि सत्त्व तिला येत नाही, पण दुमडण्यापुरता चिकटपणा येतो. कोणतीही वाट धरली तरी हा गोळा कोमट झाल्यावरच यीस्ट घालून भिजवलेल्या, तेवढ्याच मैद्यात मिसळावा; गरम असताना मिसळला तर यीस्ट मरते आणि पीठ फुगत नाही. तासाभराने पोळी लाटून तव्यावर एका बाजूने भाजावी, उलटावी, आणि भाजलेल्या बाजूवर जिरे-मिरचीत परतलेला राजमा, टोमॅटोची आटवलेली चटणी आणि मोझारेला पसरावे. नेपल्सच्या आसपास नावाजलेले मोझारेला म्हशीच्या दुधाचे असते. त्यामुळे आपल्याकडचे म्हशीचे दूध घेऊन ते घरी करून पाहायलाही हरकत नाही. पोळी गरम असतानाच दुमडावी, झाकण ठेवून चीज विरघळू द्यावे आणि वरून लिंबू पिळून लगेच वाढावी. गार झाली की मका पुन्हा ताठर होतो.