रिकामी खुर्ची आणि एकाचा नकार

एकमत म्हणजे सगळ्यांना एक गोष्ट पटली, असं आपण धरून चालतो. पण कायदे करताना एकमताची अट घातली की तिचा दुसराच अर्थ निघतो: एकानं 'नाही' म्हटलं की सगळं थांबतं. हे समजून घ्यायला आपण आज १९६५ सालच्या युरोपकडे पाहू.

१९५७च्या रोम करारानं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग हे सहा देश आर्थिक समुदायात एकत्र आले. १ जानेवारी १९६६पासून आणखी काही विषयांत बहुमतानं निर्णय होणार होते. तिघा मोठ्यांना प्रत्येकी ४ मतं, बेल्जियम आणि नेदरलंड्सला २-२, लक्झेंबर्गला १. एकूण १७, मंजुरीला हवीत १२. आता हिशेब करा. फ्रान्स एकटा विरोधात गेला तरी उरतात १३. म्हणजे त्याला एकट्याला काही अडवता येणार नव्हतं.

राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना हे मान्य नव्हतं. शेतीच्या खर्चावरून बोलणी फिसकटली आणि जुलै १९६५पासून मंत्रिपरिषदेत फ्रान्सची खुर्ची रिकामी राहू लागली. आम्ही शिकवत असताना विद्यार्थी हमखास विचारत, नकाराधिकार लहानांच्या रक्षणासाठीच असतो ना? इथं तो मागत होता मोठा देश, आणि लक्झेंबर्गसारखे लहान देश कराराला धरून होते.

जानेवारी १९६६मध्ये लक्झेंबर्गला तडजोड झाली. अत्यंत महत्त्वाचं हित गुंतलं असेल तर सर्वांना मान्य होईल असा तोडगा शोधायचा, यावर सहाही राजी झाले. तोडगा निघालाच नाही तर? फ्रान्सचं म्हणणं, एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवायची. बाकी पाचांना ते पटलं नाही. मग मतभेद आहे एवढीच नोंद झाली! करारातला एक शब्दही बदलला नाही, तरी पुढे वर्षानुवर्षं मतदान टाळलं गेलं.

पण 'अत्यंत महत्त्वाचं' काय, हे ठरवायचं कोणी? नकार देणाऱ्यानंच? मे १९८२मध्ये ब्रिटननं शेतमालाच्या दरवाढीवर हाच आधार घेतला. इतरांनी ओळखलं, की ब्रिटनचं खरं दुखणं दर नव्हे, समुदायाला द्यावी लागणारी वर्गणी आहे. त्यांनी मतदान घेतलं आणि दर मंजूर केले. ज्या नकारापुढे सगळे सोळा वर्षं थबकत होते, तो त्या दिवशी चालला नाही.

रूसो म्हणतो, एकमत लागतं ते फक्त मूळ सामाजिक करारालाच. त्यानंतर बहुमत पुरे. आजच्या युरोपीय संघात बरेच कायदे ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या यांच्या बळावर होतात. पण परराष्ट्र धोरण, कर आणि नव्या सदस्याचा प्रवेश यांना बहुतेक वेळा एकमतच लागतं. तिथं नकार करारातच लिहिलेला आहे, १९८२सारखा तो बाजूला सारता येत नाही. म्हणून एखादा देश 'नाही' म्हणतो तेव्हा आपण आधी हे पाहावं: त्याचा नकार समोरच्या प्रश्नावर आहे, की त्या आडून तो दुसरंच काही मागतो आहे?