पुण्याची वेधशाळा आणि मृगातील तेजोमेघ

हिवाळी रात्री बीडच्या माळरानावरून पाहिल्यास मृगाच्या पोटातील बाणाखाली एक धूसर ठिपका दिसतो. हाच तो तेजोमेघ. उल्का परस्परांवर आदळून तो उजळतो, असे लॉकियर यांचे मत होते. तसे असते, तर त्याच्या वर्णपटातील प्रमुख हिरवी रेषा एका कडेस विरत गेली असती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या वेधशाळेतून कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वेध घेतले. १८९१ साली त्यांनी नोंदवले: रेषा रेखीवच आहे.

तिचे मूळ १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडले. मेघातील महाकाय ताऱ्याचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या अणूतील दोन इलेक्ट्रॉन हिरावतात; हिरवा प्रकाश त्या ऑक्सिजनचा. त्याच ताऱ्याच्या झंझावाताने मेघात पोकळीही कोरली आहे.

१९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याचा वेध मात्र खरा ठरला.