उभा वण, आडवा वण : सिझेरियनच्या खुणांचा इतिहास

शिलालेख, ताम्रपट, जुनी दफ्तरं यांच्यामागे आपण इतिहासप्रेमी मंडळी हिंडतो. पण घरातल्या बायकांच्या पोटावरही एक नोंद असते, ती मात्र कुणी वाचत नाही. ‘सिझर झालं होतं’ एवढ्यावर विषय संपतो. वण उभा की आडवा, हेसुद्धा विचारलं जात नाही. खरं तर त्या एका रेषेत शंभर-सव्वाशे वर्षांचं शल्यशास्त्र आहे.

पूर्वी पोट फाडून मूल काढलं की गर्भाशय न शिवताच सोडून देत. रक्तस्रावाने किंवा जंतुदोषाने बहुतेक आया दगावत. 1876 मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथे एदुआर्दो पोर्रो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशयच कापून टाकलं. बाई वाचली, पण पुढचं मातृत्व गेलं. 1882 मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भाशय नीट शिवायची पद्धत मांडली. आई जगावी आणि तिचं गर्भाशयही राहावं, हे तिथून जमू लागलं.

या कथेला हैदराबादचाही एक धागा आहे. अशा शस्त्रक्रियेला भूल लागते, आणि क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित हा तेव्हा जगभर वादाचा प्रश्न होता. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने 1888 व 1889 मध्ये इथे क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. क्लोरोफॉर्म थेट हृदयावर घाला घालत नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. मात्र याच शहरात रूपाबाई फर्दुनजी भूल द्यायला शिकल्या. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात.

आता वणाकडे येऊ. जुना छेद उभा, गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर. कळा येतात तेव्हा हाच भाग जोराने आकसतो, त्यामुळे पुढच्या बाळंतपणात तो फाटायची भीती जास्त. 1916 मध्ये न्यूयॉर्कचे एडविन क्रेगिन यांनी ‘एकदा सिझेरियन, तर कायम सिझेरियन’ अशा अर्थाचा इशारा दिला, तो या उभ्या छेदाच्या काळात. पुढे 1920च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावरच्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला. कातडीवरचा आडवा छेद मात्र ब्रेस्लाउच्या फानेनश्टील यांचा, 1900 सालचा. म्हणजे दोन वण, दोन इतिहास! बाहेर उभा असला म्हणून आतलाही उभाच, असं मुळीच नाही.

तिसरी खूण तर दिसतच नाही. बायका म्हणतात, ‘आतून चिकटलंय.’ डॉक्टर त्याला अ‍ॅडहिजन म्हणतात. पोटातल्या नाजूक पडद्याला इजा झाली की काही तासांतच तिथे चिकट फायब्रिन साचतं. बहुधा ते थोड्या दिवसांत विरघळतं. नाही विरघळलं तर त्याचे पट्टे बनतात. मग मूत्राशय गर्भाशयाला, कधी आतडं पोटाच्या भिंतीला चिकटतं. अनेकींना काहीच जाणवत नाही. काहींचं पोट ओढल्यासारखं दुखत राहतं, आणि पुढच्या सिझेरियनला वेळ व धोका दोन्ही वाढतात. सर्जनच्या हातमोज्यांवरची पावडरही याला हातभार लावायची. आधी टाल्क, मग 1940च्या दशकापासून स्टार्च. अमेरिकेने असे मोजे 2017 मध्ये बंदच केले.

बायकांचं हे दुखणं ‘बाळंतपणानंतर असंच असतं’ म्हणून कित्येकदा घरातच राहिलं. चिकटलेले पट्टे साध्या सोनोग्राफीतही सहसा दिसत नाहीत, त्यामुळे ‘काही नाही, मनाचे खेळ’ हेही ऐकून घ्यावं लागलं.

आज हा विषय आपल्या दाराशी आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, तेलंगणात 60.7 टक्के. एवढ्या आयांच्या पोटावरची नोंद हरवू द्यायची का? म्हणून एक विनंती. आजी-मावशीच्या आठवणी टिपताना, त्यांची तयारी असेल तर, हेही विचारा : साल कुठलं, भूल कसली, नंतर त्रास काय झाला. आणि घरातला ऑपरेशनचा कागद रद्दीत घालू नका. आतला छेद कसा होता हे त्यावरूनच कळतं, आणि लेकीसुनांच्या पुढच्या बाळंतपणात डॉक्टरांना तेच आधी हवं असतं. दस्तऐवज जपायची सवय आपल्याला आहेच; हाही जपू या.