उमेळे : खाडीकाठच्या एका गावाचा भूगोल आणि इतिहास

प्रस्तावना

वसईचा इतिहास म्हटला की किल्ला, 1739 ची मोहीम आणि 1802 चा तह एवढेच नजरेसमोर येते. ज्या खेड्यांच्या महसुलावर तो किल्ला पोसला गेला, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात उमेळे गावाच्या निमित्ताने या उपेक्षित बाजूचा विचार केला आहे.

भौगोलिक स्थान

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, नायगाव स्थानकाच्या पश्चिमेकडील सखल पट्ट्यात उमेळे वसले आहे. या पट्ट्याच्या दक्षिणेस वसईची खाडी, तर पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. डोंगराकडून येणारे पावसाचे पाणी आणि खाडीतून चढणारी भरती यांच्या कचाट्यात येथील शेती होती. बांध घालून खारे पाणी अडविणे आणि उघाडीतून गोडे पाणी सोडणे, हा अशा शेतीचा पाया होय. परिसरातील खाजणांत मिठागरेही झाली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. सिमांव बोतेल्यो याने 1554 मध्ये सिद्ध केलेल्या महसूलवहीत वसई प्रांताच्या उत्पन्नाची नोंद आढळते. 1739 मध्ये मराठे आणि पुढे इंग्रज आले. 1864 मध्ये मुंबईकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. सत्ता बदलल्या, तरी भरतीचे वेळापत्रक बदलले नाही. खारभूमीच्या संरक्षणासाठी 1948 व 1979 मध्ये स्वतंत्र कायदे करावे लागले, यावरून बांधांचे महत्त्व ध्यानी येते.

साधनांचा प्रश्न

फ्रान्समधील मॉन्तायू या डोंगरी खेड्याचा इतिहास ल रॉय लादुरी यांनी 1975 मध्ये लिहिला. त्यांच्या हाती 1318 ते 1325 या काळातील धर्मचौकशीचे दप्तर होते. असे दप्तर प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाही. मात्र मार्क ब्लॉक यांनी 1931 मध्ये दाखविल्याप्रमाणे, शेतांची आजची ठेवण वाचत मागे जाता येते. उमेळ्यासारख्या गावासाठी बांध, उघाडी, तळी, विहिरी व शेतांची नावे हेच दप्तर होय.

निष्कर्ष

2009 मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि नागरीकरणाला वेग आला. जुलै 2018 मध्ये वसई परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा पाण्याच्या जुन्या वाटांचे स्मरण करावे लागले. खाजण भरले की केवळ पाण्याची जागा जात नाही, तर इतिहासाचे साधनही नष्ट होते. म्हणून इतिहास व भूगोल या विभागांनी एकत्र येऊन, वृद्ध ग्रामस्थांच्या साहाय्याने, या खुणांचे नकाशे आताच तयार करणे अगत्याचे आहे.