पिकअपला पाटे वाढवायचे की शॉकअप बदलायचे? खर्च करण्याआधी तपासा या गोष्टी

पावसाळा संपला की गॅरेजमध्ये पिकअप गाड्यांची रांग लागते. कुणाचा पाटा मोडलेला असतो, कुणाची गाडी एका अंगाला बसलेली असते, तर कुणाचे शॉकअप गळत असतात. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांत घाट आणि चिखल, तर माण-खटावला दगडगोटे आणि खाचखळगे. रस्ता कुठलाही असो, गॅरेजमध्ये सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो, तो म्हणजे "दोन पाटे वाढवून घ्या, काम होऊन जाईल."

काही गाड्यांना हा सल्ला लागू पडतो. पण बऱ्याच गाड्यांना त्याचा फायदा कमी आणि तोटाच जास्त होतो. हप्त्यावर घेतलेली गाडी, तिच्यातला नाशवंत माल आणि घाटातला जीव, हे सगळं या एका निर्णयावर अवलंबून असतं.

आधी आजार ओळखा

पाटे आणि शॉकअप यांची कामं वेगळी आहेत. वजन उचलतात ते पाटे. शॉकअप वजन उचलत नाही. पाटा दबून वर आला की त्याची उसळी थांबवणं हे शॉकअपचं काम. त्यामुळे लक्षणं पाहूनच खर्च ठरवावा.

- माल भरल्यावर गाडी मागून खूप बसत असेल, टायर मडगार्डला घासत असेल, तर पाटे बसलेत किंवा माल जास्त होतोय.
- रिकामी असतानाही गाडी एका बाजूला झुकलेली दिसत असेल, तर त्या बाजूचा पाटा बसलाय किंवा आतला एखादा मोडलाय.
- खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीन वेळा हेलकावत असेल, वळणावर डोलत असेल, शॉकअपच्या नळीवर तेल दिसत असेल, तर दोष शॉकअपचा.
- नुसता "खट-खट" आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा बुश, शॅकल किंवा यू-बोल्ट ढिले झालेले असतात. हे सगळ्यात स्वस्तातलं काम.
- रिकामी गाडी फार आदळत असेल, तर आधी टायरची हवा बघा. भरलेल्या मालासाठी मारलेली हवा रिकाम्या गाडीत तशीच राहिली की गाडी दणके देते.

मोजायची सोपी पद्धत आहे. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने चारही चाकांना मोजा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. नेहमीचा माल भरल्यावर पुन्हा मोजा. डाव्या-उजव्या बाजूत फरक किती आणि भरल्यावर गाडी किती बसते, हे आकडे हातात असले की मेकॅनिकशी बोलणं सोपं जातं.

एक पाटा वाढवला तर काय होतं?

पाट्याच्या ताकदीचा हिशेब साधा आहे. पाच पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा सहावा टाकला, तर संच साधारण पाचव्या हिश्श्याने कडक होतो. पण पाट्याची जाडी वाढवली, तर कडकपणा जाडीच्या तिपटीच्या नव्हे, घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एकटा पाटा जवळपास दुप्पट कडक होतो. म्हणून "थोडा जाड टाका" हा सल्ला वाटतो तेवढा थोडा नसतो.

कडक पाट्याचे तीन परिणाम होतात. पहिला मालावर. महाबळेश्वर-जावळीतली स्ट्रॉबेरी, टोमॅटो, द्राक्षं असा मऊ माल कडक गाडीत दणके खाऊन उतरतो आणि मार्केटमध्ये भाव पडतो. दुसरा चेसीवर. पाटा दबत नाही, म्हणून खड्ड्याचा मार थेट चेसीला, पाट्याच्या ब्रॅकेटला आणि बॉडीच्या जोडांना बसतो.

तिसरा परिणाम चिखलात दिसतो. उंचसखल जागेत पाटे लवचिक असतील तर चारही चाकं जमीन धरून राहतात. पाटे कडक असतील तर रिकाम्या गाडीचं एक मागचं चाक उचललं जातं. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत मग ते उचललेलं चाक नुसतं फिरत राहतं आणि गाडी जागेवरच रुतते. शेतातल्या वाटेसाठी पाटे कडक केले आणि तिथेच गाडी अडकायला लागली, असं त्यामुळे होतं.

पर्याय कोणते?

*जुन्या मापाचे नवे पाटे:* गाडी तीन-चार वर्षं भरपूर चालली असेल आणि पाटे बसले असतील, तर कंपनीच्या मापाचा नवा संच हाच बहुतेकांसाठी योग्य उपाय. गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते, कायद्याचीही अडचण नाही.

*कमान देऊन घेणं:* जुने पाटे ठोकून कमान वाढवता येते, खर्चही कमी. पण जुनं पोलाद थकलेलं असतं, गाडी पुन्हा बसू शकते. भट्टीत तापवून नुसती कमान दिली आणि नंतर नीट पाणी दिलं नाही, तर पाट्याचा ताव जातो. मोडलेला पाटा वेल्डिंग करून वापरणं तर धोक्याचंच, तो पुन्हा त्याच जागी मोडतो.

*हेल्पर पाटा:* हा मुख्य संचावर वेगळा असतो आणि गाडी बसल्यावरच टेकतो. रिकामी गाडी मऊ राहते, भरल्यावर आधार मिळतो. जाताना भरून आणि येताना रिकामी, अशा फेऱ्यांना हा पर्याय साध्या जादा पाट्यापेक्षा बरा.

*चांगले शॉकअप:* पाटे ठीक असतील आणि गाडी डोलत असेल, तर फक्त शॉकअप बदला. खराब रस्त्यावर सतत चालताना शॉकअपमधलं तेल तापतं आणि पकड कमी होते. गॅसचे शॉकअप अशा वापरात जास्त वेळ टिकाव धरतात. मात्र गाडीची उंची वाढवली असेल तर शॉकअपची लांबीही जुळायला हवी. आखूड शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतून तुटतो.

*पॅराबोलिक पाटे असतील तर:* काही गाड्यांना मध्ये जाड आणि टोकांना पातळ असे दोन-तीनच पाटे असतात, त्यांच्यात फट असते. त्या फटीत साधा पाटा घुसवू नये. त्या संचाचं कामच बिघडतं.

पाटे असोत की शॉकअप, नेहमी जोडीनेच बदला. एकाच बाजूचा नवा टाकला की गाडी तिरकी चालते.

उंची वाढली की ब्रेकही बघा

अनेक पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ एक छोटी दांडी असलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसली, यावरून तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही कमी बसते आणि व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मग मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. घाट उतरताना हे जिवावर बेतू शकतं. पाट्याचं काम झाल्यावर ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे सेट करून घेणं आवश्यक आहे.

उंची वाढल्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर झिजतात. हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि भारा उंच असेल, उदाहरणार्थ कडबा किंवा वैरण, तर वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

पाटे वाढले म्हणून पासिंग वाढत नाही

आरसीवर लेडन आणि अनलेडन असे दोन वजनाचे आकडे असतात. समजा लेडन २९९० किलो आणि अनलेडन १६९० किलो आहे, तर गाडीत १३०० किलोच चालतं. ड्रायव्हर, हमाल, क्रेट, ताडपत्री हे सगळं त्यातच धरायचं. ब्रेक, ॲक्सल, टायर त्याच वजनासाठी बनवलेले असतात, पाटे कितीही टाकले तरी ते बदलत नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकावरच येतो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केल्यास कलम ५२ आणि १८२अ लागू होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवू शकते. त्यामुळे मूळ मापापेक्षा वेगळं काही करायचं असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावं.

गॅरेजमध्ये जाण्याआधी

- वजनकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन एकदा करून घ्या. माल पासिंगपेक्षा जास्त असेल, तर उपाय पाटे नाहीत, दुसरी फेरी आहे.
- पाट्यांसोबत यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि बुश नवे टाका. ताणलेला जुना यू-बोल्ट पुन्हा वापरू नका.
- पक्कं बिल घ्या, पाट्याची जाडी आणि संख्या त्यावर लिहून घ्या.
- काम झाल्यावर दोन-तीन भरलेल्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट ढिले होतात आणि सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो.
- व्हील अलाइनमेंट आणि हेडलाईट तपासून घ्या.

पहिल्या भरलेल्या फेरीला घाट टाळून सपाट रस्त्यावर ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पुढचीच चाकं घासत थांबत असतील, तर तशीच पुढे न नेता गॅरेजला परत आणा.